शनिवारची बैठक : चिपाड, चिंधी आणि चोवीस कामट्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपल्या सोसायटीचा इतिहास सांगितला. प्लॉट कसे पाडले, पहिलं बोअर कुठं मारलं, रस्त्यावर पहिला दिवा कधी लागला. पंचवीस वर्षांत त्यांनी केलेली कामं मोठी आहेत. स्मरणिका समितीनं मला दिलेला विषय त्यामानानं अगदी हलका आहे. वजनानंही हलका. विषय आहे आपली शनिवारची बैठक.

जे नवीन राहायला आलेत त्यांच्यासाठी सांगते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, जेवणंखाणं उरकल्यावर, रात्री नऊ ते साडेदहा आपण सोसायटीच्या कार्यालयाच्या खोलीत बसतो. दहा-बारा जणी आणि दोन-तीन पुरुष माणसं. घरासाठी काहीतरी हातानं करायचं, एवढंच काम. तोरण, कंदील, पायपुसणं, देवघरापुढची झालर. फी नाही, वर्गणी नाही, हजेरीपट नाही. सेक्रेटरीसाहेब इथं बसलेत म्हणून बोलते. आपल्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब करावी लागते आणि मग त्याच चार माणसांत ती पुन्हा सुरू होते. शनिवारी मात्र बसायला सतरंजी पुरत नाही. यावर कार्यकारिणीनं विचार करावा.

हे सुरू झालं ते २०१८ साली. त्या वर्षी मार्चमध्ये राज्य सरकारनं प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली आणि सप्टेंबरात गणपती होते. आपल्या गणपतीला दर वर्षी थर्माकोलचं मखर असायचं. सोलापूरहून आणायचं, अकरा दिवस मिरवायचं आणि मग त्याचे तुकडे वर्षभर गटारीत, शेतात, बांधावर सापडायचे. थर्माकोल कुजत नाही, त्याचे नुसते मणी होतात. बंदीनंतर मंडळापुढं प्रश्न पडला, आता करायचं काय? कुणी म्हणालं फुलांचं करू, पण दहा-अकरा दिवस रोज फुलं कोण आणणार? कुणी म्हणालं कापडाचा तयार सेट भाड्यानं आणू.

तेव्हा आपल्यातले एक आबा बोलले. आता ते नाहीत. ते म्हणाले, "थर्माकोल काय कौतिकाचं? आमच्या लहानपणी गोठ्यात पडलेलं असायचं की."

त्यांना म्हणायचं होतं ज्वारीचं भेंड. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि देशभर ओळखलं जाणारं मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्या केंद्रातलंच. पण आपण बघतो ते कणीस. आबांनी दाखवलं ते ताट. वाळलेल्या ताटाची, म्हणजे चिपाडाची, वरची कडक साल सोलली की आत पांढरंशुभ्र, मऊ, हलकं भेंड निघतं. बोटानं दाबलं तर दबतं, ब्लेडनं कापलं तर सुरेख चकत्या पडतात. आबांच्या पिढीनं त्याच्या बैलगाड्या केल्या, चष्मे केले, जातं-उखळ केलं. खेळणं विकत मिळत नव्हतं, म्हणून ते चिपाडातून काढायचं.

त्या वर्षी पाऊस कमी होता. आपल्याकडं कडबा शेकड्यावर विकतात, आणि असल्या वर्षी एकेक पेंढी मोजून टाकावी लागते. अशा वेळी शोभेसाठी कुणाच्या दारात जाऊन कडबा मागायचा कसा? आबांनी तोही मार्ग काढला. जनावरं पाला आणि कवळं खातात आणि बुडाचा जाड, टणक भाग तसाच टाकतात. त्या चगळीतून निवडून घ्यायचं. "जनावराच्या तोंडचा घास घ्यायचा न्हाई," हा त्यांनी घालून दिलेला नियम. पाऊसपाणी चांगलं झालं त्या वर्षांतही आपण तो मोडला नाही.

ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी कृती सांगते. सरळ, जाड, पूर्ण वाळलेली चिपाडं घ्या. दोन पेरांच्या मधला भाग तेवढा कापा, गाठी टाकून द्या. आत लाल रेघ किंवा भोक दिसलं तर ते खोडकिड्यानं खाल्लेलं आहे, ते बाजूला काढा, नाहीतर महिन्याभरात तुमच्या तोरणातून भुसा गळेल. राहिलेली दोन दिवस कडक उन्हात टाका. साल सोलताना लहान मुलांच्या हातात देऊ नका, तिची कड ब्लेडसारखी कापते. पण ती साल फेकूही नका, कारण या कामातली खरी गंमत तिथं आहे. सालीच्या बारीक काड्या केल्या की त्याच टाचण्या होतात. भेंडाच्या दोन चकत्या सालीच्या काडीनं टोचून जोडायच्या. गोंद नाही, खिळा नाही, तार नाही. त्याच ताटाचं अंग आणि त्याच ताटाची टाचणी. रंग द्यायचा तर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा, भेंड पाणी पटकन पितं आणि बसतं. हळदीचा पिवळा छान उठतो. आणि एक धोक्याची गोष्ट. हे शेवटी वाळलेलं चिपाड आहे, एका ठिणगीनं पेटेल. निरांजन, उदबत्ती, समई यांच्यापासून हातभर लांब. उजेड हवाच असेल तर छोटे एलईडी दिवे.

त्या पहिल्या मखराला आम्हाला नऊ रात्री लागल्या. पहिल्या रात्री आम्ही पाच जणी होतो, नवव्या रात्री एकवीस. गणपती उठले, मखर उतरवून गोठ्याकडच्या उकिरड्यात टाकलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ते खत होऊन शेतात गेलं. पण गणपतीनंतरच्या शनिवारी आम्ही सवयीनं पुन्हा जमलो. करायला काही नव्हतं. मग एकीनं घरून चिंध्यांचं गाठोडं आणलं.

आता आपल्याकडं चिंध्यांना काय तोटा? सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही मानांकन आहे. आपल्यातल्या काही घरांतली माणसं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत कामाला जातात. तिथं कापताना निघालेल्या काठाच्या पट्ट्या किलोवर मिळतात. आपल्यात एक तेलुगू वहिनी आहेत, त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या माग. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं की टॉवेल हे साधं कापड नव्हे. त्यात ताण्याचे दोन संच असतात. एक घट्ट ताणलेला, तो कापड धरून ठेवतो. दुसरा सैल सोडलेला, त्याचेच वळसे वर येतात आणि ते पाणी टिपतात. म्हणून टॉवेल कसाही कापला की वळसे निसटायला लागतात आणि सगळ्या घरात दोरे होतात. कड आत दुमडून मगच टाके घालायचे.

या पट्ट्यांची आम्ही पायपुसणी करतो. आधी पट्ट्या भिजवून वाळवायच्या, म्हणजे काय आटायचं ते आटतं आणि रंग जातो का तेही कळतं. मग तीन पट्ट्यांची वेणी घालायची, ती चकलीसारखी गोल गुंडाळत दाभणानं शिवत जायचं. इथं नवशिक्यांचं हमखास एक होतं. पायपुसणं सुरू करतात आणि टोपली तयार होते. कारण वेणी ओढून घट्ट शिवली की कडा वर उचलतात. जमिनीवर सपाट ठेवून, सैल हातानं शिवायचं. आपल्या कानडी अक्का नव्या मुलींना सांगतात, "ओढू नको गं, आपोआप बसतंय." अक्कांचं हे वाक्य सोसायटीत आता पायपुसण्यापलीकडंही वापरतात. पार्किंगचं भांडण सुरू झालं की कुणीतरी म्हणतंच, "ओढू नका ओ, आपोआप बसतंय."

बैठकीत भाषाही अशाच एकमेकींत विणल्यात. आम्ही गोधडी म्हणतो, खेड्याकडच्या वाकळ म्हणतात, कानडी घरात ती कौदी. टाका तोच, ऊबही तीच. आपलं मंद्रूप विजापूरच्या रस्त्यावरचं, कर्नाटकाच्या वेशीवरचं गाव. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आपल्या बोलण्यात कानडी कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होतं ते कळत नाही. आपल्यालाही कुठं कळतंय?

आता मी ज्यासाठी खरं तर इथं उभी राहिले ते सांगते.

२०२१ च्या लाटेत आपल्या सोसायटीनं माणसं गमावली. त्यात आपल्या एका काकूंचे यजमान गेले. काकूंची परवानगी घेऊनच हे बोलतेय. काकूंचा हात तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. चिपाडाच्या चकत्या आम्ही कापतो तेव्हा त्या चकत्या असतात, काकूंनी कापल्या की ती शेवंती होते. पण त्या गेल्यानंतर काकू बैठकीला यायच्या थांबल्या. दिवाळीच्या आधी त्यांनी नातीच्या हाती गेटचं तोरण पाठवून दिलं, पूर्ण केलेलं. आपण आल्या नाहीत. का आल्या नाहीत ते विचारायची गरज नव्हती. आपल्याकडं तोरण शुभ, आणि शुभ कामाला कुणाचा हात चालतो आणि कुणाचा चालत नाही, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून शिकवलेलं असतं. त्या दिवशी गेटपाशी एक-दोघी तसं बोलल्याही, "सवाष्णीच्या हातनं बांधू या."

तर सवाष्णींनी तोरण बांधायला घेतलं. आणि ते बसेना. एका बाजूनं ओढलं की दुसऱ्या बाजूचे तुरे फिरायचे. भेंड हलकं, वाऱ्याला उलटं व्हायचं. काकूंनी आतून एकच दोरा फिरवून त्याला एक सरकगाठ दिली होती, ती कुठून सोडायची आणि कुठं आवळायची हे त्यांनाच ठाऊक. तीन जणी स्टुलावर चढून उतरल्या. तेव्हा कानडी अक्का म्हणाल्या, "जिनं केलंय तिलाच बोलवा की. तिची गाठ तिलाच कळतीया." वाद नाही, उपदेश नाही. अक्कांनी नातीला पाठवलं. काकू आल्या, स्टुलावर चढल्या, दोन मिनिटांत तोरण सरळ केलं आणि खाली उतरल्या. कुणी काही बोललं नाही. पुढच्या शनिवारी त्या आपल्या जागेवर येऊन बसल्या.

त्या दिवसापासून बैठकीचा एक नियम झाला. लिहिलेला नाही, ठराव नाही. ज्यानं वस्तू केली त्यानंच ती लावायची. तोरण असो, कंदील असो, गौरीपुढची आरास असो.

पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी आमच्यात मोठ्यानं वाचली गेली. एकीनं विचारलं, "ठरावानं बदलतंय व्हय?" मला वाटतं ठराव लागतोच, कारण त्यानं नको म्हणणाऱ्या बाईच्या पाठीशी गाव उभं राहतं. पण ठरावानंतर त्या बाईला हाक मारायला कुणीतरी दारापर्यंत जावं लागतं. आणि हाक मारायला काहीतरी निमित्त लागतं. आपल्याकडं ते निमित्त एका गाठीचं झालं.

त्याच वर्षी आपल्या सोसायटीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि रुखवत बैठकीकडं आलं. रुखवत म्हणजे मुळात लग्नाआधी नवऱ्या मुलाकडं न्यायचा फराळ. पुढं त्या ताटांभोवती शोभेच्या वस्तू आल्या आणि आता शोभाच जास्त झालीय. आम्ही भेंडाचं तुळशीवृंदावन, बैलगाडी आणि खण असलेलं घर करायला घेतलं. आता गेटचं तोरण वेगळं आणि रुखवत वेगळं. हे थेट सासरच्या मांडवात जाणार. नवरीच्या आजीला काकूंचा हात लागलेला पटणार नाही, असं सगळ्यांनाच वाटत होतं. आजींनी तसं घरात बोलूनही दाखवलं होतं. नवरीची आई मात्र काकूंच्या घरी गेली आणि रीतसर आमंत्रण देऊन आली.

शेवटच्या शनिवारी आजी स्वतः बैठकीला आल्या. खोलीतलं बोलणं थांबलं. आजी सावकाश चालत काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या. वृंदावनाला लावायची मण्यांची माळ हातात घेतली, सुई डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मग काकूंच्या पुढं धरून म्हणाल्या, "एवढी ओवून दे गं. मला दिसंना झालंय." काकूंनी सुई ओवून दिली. त्या रात्री त्यांनी आजींना किती वेळा सुई ओवून दिली ते मी मोजलं नाही.

सगळं बदललं असं सांगायला मी उभी नाही. आपल्याच सोसायटीत अजून काही घरांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावणं जात नाही. आम्ही त्यावरून भांडलो नाही. त्या घरांतल्या बायका शनिवारी येतात, काकूंच्या शेजारी बसतात आणि शेवंती कशी कापायची ते त्यांच्याकडूनच शिकतात. ओढू नये, आपोआप बसतं, यावर माझा विश्वास आहे. फक्त शिवणं थांबवायचं नाही.

शेवटचं, कंदिलाचं. जुन्या पद्धतीच्या आकाशकंदिलाला एका मापाच्या चोवीस कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे चार चौकोन बांधायचे, ते कोपऱ्यावर उभे करून शेजारशेजारच्या टोकांना एकमेकांशी जोडायचे. वर चार आणि खाली चार कामट्या बांधल्या की वरचा आणि खालचा चौकोन होतो. एकूण सहा चौकोन आणि मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. आपले एसटीतून निवृत्त झालेले अण्णा यात उस्ताद. ते पोरांना आधी मोजायला लावतात आणि मगच कागद देतात. खळ आम्ही घरची करतो. पुस्तकं बांधणारे तिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे किडे लागत नाहीत. पण ते विषारी आहे आणि पोरांची बोटं तोंडात जातात, म्हणून आपण ताजी खळ करून त्याच रात्री संपवतो. कागदाच्या झिरमिळ्या मात्र जुन्या लग्नपत्रिकांच्या. पंचवीस वर्षांत प्रत्येक घरात एवढ्या पत्रिका साठल्यात की त्यांत अख्ख्या तालुक्याचे कंदील होतील.

आपली बरीच मुलं आता पुण्यात, बंगळुरात, हैदराबादला आहेत. दिवाळीला सगळ्यांना सुटी मिळतेच असं नाही. गेल्या दोन वर्षांपासून अण्णा चोवीस कामट्या, दोरा आणि कापलेले कागद अशी जुडी बांधून देतात आणि आयाबाया ती पार्सल करतात. पोरं तिकडं फोन समोर ठेवून बांधतात आणि अण्णा इकडून ओरडतात, "अरे, चौकोन उभा धर की!" वाकडे होतात काही कंदील. पण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लोंबणारा वाकडा कंदील बघून शेजारच्यांनी विचारलं की हा कुठला, तर मूल सांगतं, मंद्रूपचा.

माझी दहा मिनिटं संपत आली. कार्यकारिणीकडं दोन विनंत्या आहेत. कार्यालयाच्या खोलीत आम्हाला एक कपाट द्यावं. दाभणं, कात्र्या, चिंध्या दर वेळी घरून वाहून आणाव्या लागतात, आणि चिपाडं तशीच कोपऱ्यात ठेवली की त्यांना उंदीर लागतात. दुसरी, बैठकीची सूचना नोटीस बोर्डावर लावताना त्यात 'सभासदांसाठी' असं लिहू नये. भाडेकरू आहेत, घरकामाला येणाऱ्या मावशी आहेत, शेजारच्या वस्तीतल्या मुली आहेत. त्यांना त्या शब्दानं दाराबाहेर ठेवल्यासारखं होतं.

येत्या दुसऱ्या शनिवारी गेटचं नवं तोरण करायचं आहे. चिपाडं वाळत घातली आहेत. ज्यांच्या घरी ब्लेड आणि दोरा असेल त्यांनी घेऊन यावं, नसेल त्यांनी नुसतं यावं. तोरण ज्यांनी केलं तेच बांधतील.